रेकॉर्ड अडते ती जागा

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. कर्णा असलेला, दांडी फिरवून चालवायचा ग्रामोफोन वेगळा, तो माझा खापरपणजोबा म्हणा हवं तर. मी विजेवर चालतो. माझ्या पोटात एक मोटर आहे, मोटरीवरून फिरत्या थाळीकडे जाणारा रबरी पट्टा आहे आणि थाळीशेजारी एक बारीक दांडा आहे. त्या दांड्याच्या टोकाला माझी सुई असते. माझ्या झाकणाला एका कोपऱ्यात तडा गेलेला आहे. त्याबद्दल लोक हमखास विचारतात आणि मला राग येतो, म्हणून आधीच सांगून टाकतो : सामान हलवताना मला पाडलं, माझी काहीही चूक नव्हती.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईंनी माझी सुई बसवली, चाचणीची रेकॉर्ड लावली, मान तिरकी करून ऐकलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. तेवढ्याने मी फुशारलो. पुढे दुकानाच्या काचेत बसून मी येणाऱ्याजाणाऱ्यांकडे ऐटीत बघत असे. एक दिवस काचेबाहेर एक माणूस थांबला. त्याने गाण्याकडे लक्षच दिलं नाही. तो खिशातलं भिंग काढून माझी सुई बघत होता. तो चष्मे बनवणारा होता. त्याने मला खांद्यावर घेऊन घरी नेलं.

"पंखा आणायला गेला होतात ना?" त्याच्या बायकोने दारातच विचारलं.

"हा पण फिरतो," तो म्हणाला.

खाली चष्म्यांचं दुकान, वर घर, मधे अरुंद लाकडी जिना. त्या घरात एक ताई होती आणि तिच्या पाठचा धाकटा. ती दोघं त्याला बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणू लागलो. बाबा माझी काळजी चष्म्यासारखीच घेत. भिंगं पुसायच्या मऊ कापडाने रेकॉर्ड पुसत आणि बारीक ब्रशने सुईवरची धूळ काढत. सुईला हात लावायचा तो फक्त बाबांनी, असा घरात कायदाच होता.

रविवारी संध्याकाळी दुकान बंद असे. तेव्हा एक खेळ चाले. प्रत्येकाने आपली सगळ्यात आवडती रेकॉर्ड लावायची आणि ती का आवडते ते सांगायचं. "छान आहे म्हणून" हे उत्तर चालत नसे. असं कुणी म्हटलं की बाकीचे ओरडत, "का?" आणि त्याला नीट सांगावं लागे. मित्रांनो, माणसांची खरी ओळख मला या एका प्रश्नाने झाली.

आईची आवडती रेकॉर्ड एका घोगऱ्या आवाजाच्या गायिकेची होती. "ही बाई गाताना घाई करत नाही," आई म्हणायची. "दिवसभर मला सगळे घाई करतात." ताईला एका मैफलीची रेकॉर्ड आवडे, कारण व्हायोलिन अगदी हळू झालेलं असताना श्रोत्यांतला कुणीतरी जोरात शिंकतो. "इतकी वर्षं तो बिचारा त्याच जागी शिंकतोय," असं म्हणून ती पोट धरून हसायची. धाकट्याची रेकॉर्ड म्हणजे नुसता ढोलांचा दणदणाट. "ही चालू असली की मला कुणी अभ्यासाचं विचारू शकत नाही," असं त्याने सांगितलं, तेव्हा आईने कपाळाला हात लावला.

आणि बाबा? बाबा एका बेताच्या आवाजाच्या गायकाची प्रवासगीतं लावत. का, असं विचारलं की म्हणत, "सांगतो, आधी चहा होऊ दे." चहा होई, दिवे लागत, दुसऱ्या दिवशीच्या कामाच्या गोष्टी निघत, आणि उत्तर राहून जाई.

खरं सांगू? मला ती रेकॉर्ड मुळीच आवडत नसे. धाकटा अगदी लहान असताना बाबांची नक्कल करायला गेला आणि माझी सुई तिच्यावरून फरफटत गेली. तेव्हापासून एका गाण्यावर आडवा ओरखडा होता. "पुलापलीकडे दिवा अजून जळतो आहे," अशी त्या गाण्याची ओळ. सुई ओरखड्याला धडकायची, मागच्या रेषेत घसरायची आणि पुन्हा तेच. पुलापली, पुलापली, पुलापली. मला अगदी कानकोंडं व्हायचं. पाहुण्यांना वाटे, माझ्यातच काहीतरी बिघाड आहे.

मग घरातले सगळे, जिथे असतील तिथून, एकदम ओरडत. मुलं "बाबा!" म्हणून आणि आई "अहो!" म्हणून. आणि बाबा असतील तिथून उत्तर देत, "आलो, आलो!" कधी अर्ध्या तोंडाला साबण लावून येत, तर कधी बंद दुकानातलं उरलेलं काम टाकून, कुणाच्या चष्म्याची दांडी हातात धरूनच जिना चढून येत. दांड्याला नखाने हलकेच स्पर्श करत आणि गाणं पुढे जाई. रेकॉर्डच्या दुकानदाराने एकदा तीच रेकॉर्ड नवी कोरी देऊ केली. बाबा "बघू" म्हणाले आणि रिकाम्या हाताने घरी आले. मी कितीतरी दिवस फुरंगटून होतो. एवढा काटेकोर माणूस, आणि या ओरखड्याला का जपतो, हे काही केल्या मला उमगत नव्हतं.

पुढे दिवस पालटले. गाणी फोनमध्ये गेली. धाकटा शिकून पुलांची कामं करायला लांबच्या शहरात गेला. "पुलापलीचाच परिणाम," असं आई त्याला चिडवायची. ताईने खालचं दुकान सांभाळायला घेतलं. माझ्या झाकणावर आधी वर्तमानपत्रं आली, मग इस्त्रीचे कपडे, मग एक जाड चादर. चादरीखाली माणूस झोपतो म्हणे. मला तर झोपही येत नाही. मी तसाच पडून राहिलो.

एका सकाळी खालच्या दुकानात काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ताईची किंकाळी. बाबांना पक्षाघाताचा झटका आला होता. ते इस्पितळातून परत आले, पण त्यांचा उजवा हात मेल्यासारखा झाला होता आणि बोलणं पार थांबलं होतं. खिडकीशी खुर्चीत बसत आणि समोर बघत राहत. कुणी हाक मारली तरी मान वळत नसे. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई जाताना म्हणत, "आवाज ऐकू येतोय त्यांना. पण हाक आपल्याला आहे, हे पोचतंय का, ते कळत नाही."

आई एकटीने त्यांना उठवायची, बसवायची. मग एक दिवस त्यांना जिन्यावरून उतरवताना तिचाच पाय घसरला. कंबर दुखावली. त्या शनिवारी धाकटा आला तो ठरवूनच. गावाबाहेर आजाऱ्यांना सांभाळणारी एक संस्था होती. सोमवारी सकाळी त्यांची गाडी येणार होती.

"तिथे रात्रंदिवस माणसं असतात, ताई," तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. "इथे आई मरून जाईल."

"आणि तिथे बाबा," ताई म्हणाली.

"त्यांना कळतं तरी का, आपण कुठे आहोत ते? मी कालपासून आलोय. एकदा तरी बघितलं का त्यांनी माझ्याकडे?"

त्याचा आवाज चढला होता, पण डोळे भरले होते. मी ते चादरीच्या भोकातून पाहिलं. ताईने फोनवर ते पुलाचं गाणं लावलं आणि बाबांच्या कानाशी धरलं. स्वच्छ, सरळ, कुठेही न अडता गाणं संपलं. बाबा ढिम्म हलले नाहीत.

तेव्हा ताईने माझ्यावरची चादर ओढली.

मित्रांनो, मला आनंद व्हायला हवा होता. पण मला धडकी भरली. माझा रबरी पट्टा सैल झाला होता. ताईने तो काढून गरम पाण्यात बुडवला, म्हणजे थोडा आवळतो, आणि पुन्हा चढवला. सुई भिंगाखाली धरून ब्रशने साफ केली. मग मला बाबांच्या खुर्चीला अगदी खेटून, डाव्या हाताशी, स्टुलावर ठेवलं. मोटर घरघरली. थाळी दोनदा अडखळली आणि फिरू लागली. पट्टा कधीही तुटेल, असं मला वाटत होतं.

रविवारची दुपार होती. ताईने आधी आईची रेकॉर्ड लावली. घोगरा आवाज खोलीभर पसरला. आई कंबरेला हात लावून दारात उभी राहिली आणि तिने पदर तोंडाशी नेला. बाबा समोरच बघत होते. मग ताईची मैफल. तो माणूस शिंकला. ताईने चटकन बाबांकडे पाहिलं. काही नाही. मग धाकट्याचे ढोल. ते तर मलाच सहन होईनात. काहीच नाही.

"बस झालं, ताई. कशाला छळतेस त्यांना आणि स्वतःला?"

"एक राहिलीय."

तिने प्रवासगीतं लावली. पण तेवढ्यात धाकटा "बाबांचे कपडे भरायला घेतो" म्हणाला, ती त्याच्यामागे स्वयंपाकघरातल्या कपाटाकडे धावली आणि आईही लंगडत गेली. तिथे भांडण जुंपलं. कपाट उघडल्याचा आवाज आला, बॅग आपटल्याचा आला. खोलीत उरलो बाबा आणि मी.

एक गाणं संपलं. दुसरं सुरू झालं. पुढे काय आहे, ते मला माहीत होतं. माझी सुई गुळगुळीत झाली होती, पट्टा घसरत होता, आणि तो ओरखडा जवळ येत होता. आजच्या दिवस तरी सरळ जाऊ दे, एवढंच मी मनात म्हणत होतो.

पुलापली, पुलापली, पुलापली.

अडलो. पक्का अडलो. आत भांडण चालूच होतं. "मी कधी नाही म्हटलं सांभाळायला?" "मग इतके महिने कुठे होतास?" "अरे, हळू बोला रे..." पुलापली, पुलापली. पट्ट्याचा जळका वास येऊ लागला. बाबांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नव्हती. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण मला जे येत होतं ते एवढंच. पुलापली, पुलापली.

आणि आतून, भांडणाच्या अर्ध्या वाक्यातून, तिघंही एकदम ओरडली.

"बाबा!"

"अहो!"

आतलं भांडण तिथेच तुटलं. आपण काय केलं, ते त्यांचं त्यांनाच कळलं असावं. न बोलणाऱ्या माणसाला आपण हाक मारली, तीही जुन्या सवयीने.

मी मात्र बाबांकडे बघत होतो. त्यांचा डावा हात खुर्चीच्या हातावर घट्ट आवळला गेला होता. ओठ वाकडे झाले. गळ्यातून आधी नुसती हवा आली. मग खरखर. मग शब्द.

"आ... लो."

आत भांडं पडलं. तिघंही दारात येऊन थांबली. बाबांचा डावा हात हळूहळू माझ्याकडे येत होता. त्या हाताने त्यांनी कधी सुई हलवलेली नव्हती. जरा जास्त जोर लागला असता तर मी कायमचा गेलो असतो. त्यांनी नख टेकवलं. हलकेच. "...कडे दिवा अजून जळतो आहे," गायक म्हणाला आणि पुढे गेला.

ताई त्यांच्या पायाशी बसली. रडत रडतच तिने विचारलं, "बाबा, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. हीच रेकॉर्ड का?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग धाकट्याकडे, मग आईकडे. एकेकाकडे नीट थांबून पाहिलं. सांगायला त्यांच्याजवळ शब्द नव्हते. त्यांनी माझा दांडा उचलला, डोळे बारीक केले आणि सुई अलगद मागे आणून ओरखड्याच्या जरा अलीकडे ठेवली. मग हात मांडीवर घेऊन वाट बघत बसले.

पुलापली, पुलापली, पुलापली.

"बाबा!" धाकटा म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता.

"आलो," बाबा म्हणाले.

मित्रांनो, मी इतकी वर्षं त्या ओरखड्यावर रागावलो होतो. तो नसता तर त्या माणसाला दर रविवारी सगळ्या घराने एकदम हाक मारली नसती, हे मला तेव्हा कळलं.

धाकटा जिन्यात जाऊन फोनवर बोलला. गाडी नको, एवढं मी ऐकलं. आई मात्र ठामपणे म्हणाली, "गाडी नको, ठीक आहे. पण मला मदत हवी. तुम्ही दोघं वाटून घ्या, आणि तोंडाने नको, हातांनी." आता धाकटा महिन्यातले काही दिवस इथे राहून काम करतो. बाबांना उठवायला सकाळी एक बाई येतात. बाबांचं बोलणं फारसं परतलेलं नाही. दोन-चार शब्द आहेत, तेही दमून येतात. रविवारी खेळ होतो. मला नवा पट्टा आणि नवी सुई मिळाली आहे. नव्या सुईने मी तो ओरखडा सहज ओलांडून जाईन की काय, अशी ताईला भीती होती. मी ओलांडत नाही. जमलं असतं तरी ओलांडला नसता.

तुमच्या घरातही असेल एखादी जुनी वस्तू, सारखी एकाच जागी अडणारी. तिला पुसा, तेलपाणी करा, चादरीखाली कोंडून ठेवू नका. आणि ती टाकून नवी आणायचं ठरलंच, तर त्याआधी एवढं आठवून बघा, की ती अडते तेव्हा तुम्ही कुणाला हाक मारता. ते माणूस घरात असेल, तर आज एकदा हाक मारून बघा.