हिरवी पावलं

"पाऊल उमटलं! बघा, हिरवं पाऊल!"

कुरणावर एकच झुंबड उडाली. पिवळटलेल्या गवतात गर्द हिरवी पावलं उमटली होती. टाच, चवडा, सगळं रेखल्यासारखं. मागच्या आठवड्यात हिरवे महाराज नेमके इथूनच चालत गेले होते. मग दोन सरी पडल्या, आणि आता हे! कुणी पावलांवर डोकं टेकत होतं, कुणी गवताची काडी पदराला बांधत होतं.

"भूमाता आमच्या पायांना ओळखते," उंच खडावांवर उभे राहून महाराज म्हणाले. "पण हात लावू नका हो कुणी! तेज आहे ते. आमच्या गुरूंचे पाय धरले आणि एक जण जागच्या जागी थिजला."

"थिजला? मग ते तेज की थंडी?" म्हातारा गवळी पुटपुटला. बायकोनं त्याला कोपर मारलं.

एवढ्यात गर्दीतून वाट काढत वहिनी आल्या. सगळी वस्ती त्यांना वहिनीच म्हणे. देवापुढे दिवा लावल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारी बाई. आज दिवा लागला, पण पाणी प्यायचं राहूनच गेलं होतं. गोठ्यात गाभण ढवळी आडवी पडली होती. महाराजांनी दिलेले 'तेजकण' दिरानं सकाळी तिच्या आंबोणात कालवले, तेव्हापासून ती थरथरत होती, तोंडातून फेस गळत होता.

"डॉक्टरला बोलवा, भाऊजी," असं त्या किती वेळा म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही देवाधर्माच्या, आणि तुम्हीच असं बोलता? डॉक्टर आला की तेज उतरतं."

"उतरू दे मेलं! गाय उठली म्हणजे झालं."

शेवटी त्यांनीच गुरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. तरी जीव थाऱ्यावर येईना. ढवळीवर पाणी ओतता ओतता त्या तशाच ओल्या हातांनी महाराजांचे पाय धरायला धावल्या होत्या.

पायधूळ घ्यायची त्यांची आपली एक रीत होती. नुसतं शिवून भागत नसे. तळव्याखाली बोटं सरकवून माती घ्यायची. त्यांनी तशीच खडावेखाली बोटं घातली. महाराजांनी दचकून पाय उचलला, आणि वहिनींच्या ओल्या तळहातावर पांढरे दाणे टपटप सांडले.

"बघा! तेज सांडलं!" महाराज ओरडले.

वहिनींचा तळहात गारठत गेला. हा गारवा त्यांच्या ओळखीचा होता. दर हंगामाला फवारणीसाठी बादलीत युरिया त्याच तर कालवत. बादली अश्शीच गार पडे, बोटं बधिर होत.

"महाराज," त्या हळूच म्हणाल्या, "हा युरिया आहे."

"पापिणी! भस्म होशील!"

"होईन. पण खडाव जरा उलटी करा."

महाराज धोतर सावरत मागं सरले. एक खडाव गवतात अडकून राहिली. गवळ्यानं ती उचलून हलवली. आत खुळखुळलं. तळ पोकळ, आणि त्याला चाळणीसारखी भोकं.

"अरेच्चा, पाय आहेत की पेरणीयंत्र!" तो म्हणाला, आणि या वेळी बायकोनं कोपर मारलं नाही.

डॉक्टरीणबाई आल्या. वहिनींनी तळहातावरचे दाणे पुढं केले. "ढवळीला घातलेले तेजकण हेच."

"किती घातलं?"

"दोन... तीन मुठी," गर्दीतून पुढं येत दीर खाली मान घालून म्हणाला.

"पोटात याचा अमोनिया होतो. रक्तात भिनला की गाय गेलीच. चला!"

गोठ्यात पोचताच त्यांनी नळीनं भरपूर गार पाणी आणि व्हिनेगर ढवळीच्या पोटात सोडलं. वहिनी ढवळीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. दीर आत-बाहेर येरझारा घालत होता. दुपार कलली. ढवळीनं कान हलवला, मग धडपडत पाय रोवले, आणि उभी राहिली.

तेव्हा कुठं दिरानं विचारलं, "पण मग ती पावलं?"

"गाय मुतते तिथलं गवत गर्द होतं, पाहिलंय ना?" डॉक्टरीणबाई हात धूत म्हणाल्या. "तेच नत्र युरियात असतं. भुकेल्या जमिनीवर पडलं, वर पाऊस झाला, की गवत हिरवंगार."

"म्हणजे आमची ढवळी रोजच चमत्कार करते!"

"हो. आणि खडावा न घालता करते."

वहिनी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या.

"आता तरी देवावरचा विश्वास उडाला का हो, वहिनी?" गवळ्यानं चिडवलं.

"देवानं काय केलं? त्यानंच तर हाताला गार-गरम कळायला दिलं," वहिनी म्हणाल्या. "पाय धरा हो कुणाचेही. पण आधी खडाव उलटी करून बघा. खरा साधू असेल तर रागवायचा नाही."