टेस्टमधला दुसरा आवाज

"बाबा, तू एका जागी बसशील का, प्लीज?"

ईशानं सकाळपासून हे कितव्यांदा म्हटलं होतं, देव जाणे. आणि बसेल तर तो विजय कसला! हॉलमधून किचन, किचनमधून बाल्कनी, बाल्कनीतून परत हॉल. पायाला नुसती भिंगरी. चार महिन्यांपूर्वी कंपनीनं एका ईमेलवर त्याला घरी बसवलं होतं, आणि तेव्हापासून या माणसाला घरी बसणं काही जमत नव्हतं. रोज सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट, समोर लॅपटॉप उघडा. कुकटपल्लीच्या त्या सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलेलं, वर्क फ्रॉम होम आहे. ईशानं कॉलेजात तेच सांगितलं, आणि तिची आई वैशाली आबिड्सच्या बँकेत कामाला होती, तिनं तिथंही तेच सांगितलं.

ईशा बी.टेक.च्या शेवटच्या वर्षाला होती, आयटीला. आज तिची टेस्ट होती. कंपनीची, ऑनलाइन, घरूनच द्यायची. यंदा कॉलेजात कंपन्या आल्याच होत्या मोजक्या, आणि त्यातली आयटीच्या पोरांना विचारणारी ही एकच धड. नियम मात्र कडक. कॅमेरा चालू, माइक चालू. खोलीत दुसऱ्या कुणाचा आवाज आला की टेस्ट तिथंच बंद, आणि कॉपीचा ठपका बसला तर कॉलेजची प्लेसमेंट सेल पुढच्या एकाही कंपनीला बसू देत नाही.

"मी तोंडातून शब्द काढणार नाही," विजय म्हणाला. "शपथ."

ईशानं बेडरूमचं दार लावून घेतलं. पहिला प्रश्न बघून तिच्या जिवात जरा जीव आला. डिलिव्हरीच्या पोरांना प्रत्येक पार्सलला किती वेळ लागला त्याची यादी प्रोग्रामला मिळणार, त्यानं सरासरी काढायची. त्या दिवशी पार्सलच नसेल तर यादी रिकामी येणार, शून्यानं भागायची वेळ येणार आणि प्रोग्राम कोसळणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं सगळ्यात आधी तीच ओळ लिहिली. यादी रिकामी असेल तर शून्य सांग आणि थांब. मग ती पुढं निघाली. कोड वाढत गेला तशी ती पहिली ओळ स्क्रीनच्या वर सरकून दिसेनाशी झाली.

आणि नेमका तेव्हाच विजय पाण्याचा ग्लास घेऊन आत आला. कुणी मागितलं होतं का पाणी? नाही! पण गप्प बसवेल तर ना. कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून कपाटाला चिकटून उभा राहिला, एवढी अक्कल होती. पण नजर गेली स्क्रीनवर. वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढण्यात गेलेली, चार महिने डोळ्यांना ते खाद्यच नाही. ईशाला त्याचा श्वास ऐकू येत होता. तिनं हातानं खूण केली, जा, जा. आणि विजय ओरडला,

"अगं, यादी रिकामी आली तर? ते लिही ना आधी!"

स्क्रीन लाल झाली. दुसरा आवाज आढळला, टेस्ट बंद.

काय म्हणावं या माणसाला! ग्लास हातात तसाच. चेहरा असा पडला, की ईशाच्या ओठांवर आलेलं वाक्य ओठांवरच राहिलं. 'लिहिलं होतं रे, बाबा, सगळ्यात आधी तेच लिहिलं होतं.' एवढंच वाक्य. पण ते बोलली असती तर या माणसापाशी काय उरलं असतं? नोकरी गेलीच होती. निदान आपल्याला कळतं एवढं तरी त्याला वाटत होतं. तिला त्याचा संताप आला होता, अगदी गळा दाबावासा वाटत होता, आणि त्याच वेळी त्याची इतकी दया येत होती की तिला स्वतःचाच राग आला.

"चल," विजय म्हणाला. "कॉलेजला जाऊ. मी सांगतो त्यांना, चूक माझी होती."

स्कूटरवर मागं बसलेल्या ईशाच्या जिवाची नुसती घालमेल. विजय सिग्नलला थांबला की रिकामाच ॲक्सिलरेटर पिळायचा, पुढचा रिक्षावाला वळून बघायचा. "हौला है क्या?" वेडा झालास का, म्हणून एकजण खेकसलाही. सांगावं का आत्ता? की तिथं गेल्यावर? की सांगूच नये? प्लेसमेंटच्या मॅडम ऐकतील, चूक कबूल केली म्हणून सोडतील, कदाचित. सबंध रस्ताभर ती हेच घोळवत बसली.

प्लेसमेंट सेलच्या प्रियदर्शिनी मॅडम तेलुगू, बोलायच्या इंग्रजीत, आणि शांतपणे बोलायच्या म्हणून पोरं जास्तच टरकायची. त्यांनी टेस्टचं रेकॉर्डिंग लावलं. खोलीभर विजयचा आवाज घुमला. "हे कोण बोलतंय?"

"मी," विजय म्हणाला. "हिचा बाबा. हिचा काही दोष नाही, मॅडम. हिला ते सुचलं नव्हतं, मला राहवलं नाही, मी सांगून टाकलं."

अरे देवा, हा वाचवायला आला आणि पुरतं बुडवून मोकळा झाला!

"म्हणजे उत्तर तुम्ही सांगितलंत," मॅडम म्हणाल्या. "मग तर हा सरळ कॉपीचा प्रकार झाला. कुठल्या कंपनीत आहात आपण?"

विजयनं शर्टाची बाही उगीचच सारखी केली. "कुठल्याच नाही," तो म्हणाला. "काढलं मला. घरी असतो."

बाहेरच्या माणसापुढं हे त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. मॅडमनी मान हलवली आणि कीबोर्ड पुढं ओढला. त्या आता ठपका नोंदवणार, हे ईशाला दिसत होतं.

"मॅडम, थांबा," ईशा म्हणाली. "ती ओळ मी आधीच लिहिली होती. बाबा खोलीत यायच्याही आधी. कोणती ओळ कधी टाइप झाली ते त्यात दिसतं ना? बघा तुम्ही."

विजय तिच्याकडं बघतच राहिला. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही, हिंमतच झाली नाही.

मॅडमनी बघितलं. परत बघितलं. "खरंय," त्या म्हणाल्या. "पहिलीच ओळ आहे." मग त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला, बराच वेळ बोलल्या, आणि ठेवून म्हणाल्या, "दुपारी इथल्या लॅबमध्ये परत बसायचं. नवे प्रश्न. आणि सर, तुम्ही बाहेर."

कॉरिडॉरमध्ये आल्यावर विजय म्हणाला, "मग मी ओरडलो कशाला?"

ईशाला हुंदकाच आला. "मला सांगायचं नव्हतं रे, बाबा."

"का?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच," तो म्हणाला. "पहिली ओळ?"

"हो."

"बरं केलंस." आणि तो लॅबसमोरच्या बाकावर जाऊन बसला.

टेस्ट कशी गेली? चांगली गेली. दोन प्रश्न पूर्ण, तिसरा अर्धा. अख्खा वेळ तिचं निम्मं लक्ष दाराकडं, आता हा येतो की काय, आता खिडकीत उभा राहतो की काय. कुणी आलं नाही. ती धावतच बाहेर पडली.

विजय बाकावर झोपला होता. मान एका बाजूला, तोंड उघडं, इस्त्रीचा शर्ट चुरगळलेला. पोरं हसत-खिदळत, त्याच्या पायाला बॅगा घासत जात होती आणि हा घोरत होता. चार महिन्यांत त्याला असं निवांत पडलेलं तिनं पाहिलंच नव्हतं.

तिच्या वर्गातला रितेश जाता जाता थांबला. "क्या ईशा, अंकल इधर कायकू सोरे? ऑफिस नै क्या आज?"

नेहमीचं उत्तर जिभेवर तयार होतं.

"नौकरी गई उनकी," ईशा म्हणाली. "हल्लू बोल. अब्बीच आँख लगी."