काट्याची घाई

तिनं बोटाच्या पेरानं डॅशबोर्डच्या काचेवर टकटक केलं, तसा लाल पट्टीला टेकलेला तापमानाचा काटा धपकन मधोमध येऊन पडला.

"बघा," ती म्हणाली. "आत्ता उकळत होतं, आत्ता गार."

वायरमन व्हॅनच्या दारात उकिडवा बसला होता. इंजिनातला सेन्सर त्यानं सकाळीच बदलला होता, पाण्यात तापमापक धरूनही पाहिला होता. पाणी तापायला हवं तेवढंच तापत होतं. म्हणजे इंजिनाची काही तक्रार नव्हती, काटाच थापा मारत होता.

"सोमवारपासून शाळेची बारा पोरं बसायची आहेत यात. सगळा चढाचा रस्ता. काट्यावर भरवसा नसेल, तर मी नाही म्हणून कळवणार."

म्हणाली खरी, पण ते तिच्या अगदी जिवावर आलं होतं. तीन वर्षं ती लाँड्रीचे गठ्ठे वाहत होती. गठ्ठे कधी दंगा करत नाहीत, गाणी म्हणत नाहीत. तिला त्याचाच वीट आला होता. या कामासाठी तिनं शाळेचे उंबरठे झिजवले होते.

व्हॅन सासऱ्यांची. अण्णांनी आयुष्यभर तिच्यातून हिंडून रेडिओ दुरुस्त केले, आणि हात थरथरायला लागले तेव्हा किल्ली सुनेपुढे ठेवली, तीही तोंड वाकडं करूनच. "तू रस्त्याकडे बघशील गं, काट्याकडे कोण बघणार?"

पहिल्याच महिन्यात त्यांचं म्हणणं खरं झालं. चढावर गाडी उकळली, घाईघाईनं रेडिएटरचं झाकण उघडताना तिचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. पुढं पंधरा दिवस पट्टी अण्णांनीच बदलली. पांढरी चिकटपट्टी तर त्यांच्या खिशातच असायची. चष्म्याची काडी, टीव्हीचा रिमोट, छत्रीची मूठ, घरात तिच्या तावडीतून काहीच सुटलं नव्हतं.

तेव्हापासून मात्र गाडीनं खोड धरली. अर्धा चढ चढला की काटा वर. मग दहा मिनिटं थांबा, गाडीच्या म्हातारपणाला शिव्या घाला, निघा. या आठवड्यात तो नुसता नाचायलाच लागला होता.

वायरमननं डॅशबोर्ड उघडला, आत हात घातला आणि थबकला.

"ताई, हे कुणी केलंय?"

काट्याच्या वायरीला तुरीच्या दाण्याएवढा एक जोड होता, पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला.

"कंपनीचा नाही हा, रेडिओत असतो तसला रेझिस्टर आहे. हा असला की काटा खऱ्यापेक्षा वर दाखवतो. एका बाजूचं सोल्डर सुटलंय, म्हणून खड्ड्यात कधी लागतो, कधी सुटतो."

"कुणी मुद्दाम बिघडवलंय?"

"बिघडवणारा इतकं सफाईनं करत नाही. चालवणाऱ्यानं गाडी तापायच्या आधीच थांबावं, म्हणून केलेलं दिसतंय. काढून टाकू?"

तिनं अंगठ्यानं पट्टी चाचपली. टोक आत दुमडलेलं होतं. तिच्या हातावरच्या पट्टीचंही टोक असंच दुमडलेलं असायचं, सोडवताना कातडी ओढली जाऊ नये म्हणून. इतक्या बारीक कामाला त्या थरथरत्या हातांना किती दिवस लागले असतील! अण्णांचा आपल्यावर विश्वास नाही, हे ती तीन वर्षं मनात धरून होती. आणि तीन वर्षं दर चढावर तेच तिला थांबवत होते. तिचे डोळे भरून आले, आणि वायरमन मान वळवून पाना शोधायला लागला.

"नका काढू," ती म्हणाली. "पक्कं सोल्डर करून द्या."

दुपारी ती घरी आली तेव्हा अण्णा पेपर वाचत होते.

"सापडलं काही?"

"आत एक टोक सुटलं होतं. पक्कं करून घेतलं."

पेपर किंचित खाली आला. "काढून नाही टाकलंस?"

"बारा पोरं बसणार आहेत, अण्णा."

त्यांनी चष्मा उगाचच नाकावर सारखा केला. तिनं पिशवीतून पांढऱ्या चिकटपट्टीचं नवं रीळ काढून त्यांच्यापुढं ठेवलं. अण्णांनी ते उचललं आणि खिशात टाकलं. कशाला आणलंस, ते विचारलं नाही.