मारुतरावांचा सीन

मंजुळाबाईंनी पॉपकॉर्नचा पुडा सुनेच्या, मिनलच्या मांडीवर ठेवला आणि डोक्यावरचा पदर नीट केला. पडद्यावर त्यांच्या गावची, निघोज्याची वाट दिसली होती. आता मारुतराव येणार होते.

सिनेमा विनोदी आहे असं पोस्टरवर लिहिलं होतं. टीव्हीवरचे झाडून सगळे नामवंत तासभर एकमेकांच्या अंगावर पडत होते, पण थिएटरात अजून कुणी हसलं नव्हतं. मंजुळाबाईंना त्याचं काही नव्हतं. त्या नवऱ्याचा आवाज ऐकायला आल्या होत्या. मारुतरावांना जाऊन वर्ष होत आलं होतं. फोटो ढीगभर होते; पण मोबाइल समोर धरला की हा माणूस मुका व्हायचा.

शूटिंगच्या आधी मात्र त्यांनी सिनेमातलं आपलं एकुलतं एक वाक्य आठवडाभर घरात घोकलं होतं. त्या भरदार, घोगऱ्या आवाजात 'च्या घ्या' आलं की मंजुळाबाई सवयीने गॅसकडे वळत म्हणायच्या, "टाकते."

मारुतराव आले. तेच मुंडासं, तीच किंचित कललेली मान. त्यांनी तोंड उघडलं आणि आतून भलताच किनरा, नाकातला आवाज बाहेर पडला.

"रस्ता चुकलाय तुमी. बसा, च्या घ्या."

थिएटर पहिल्यांदाच खदखदून हसलं.

मंजुळाबाईंनी मिनलकडे वळून विचारलं,

"ह्यो कोण बोलतोय?"

सासऱ्यांना स्टुडिओत आवाज भरायला बोलावणारा फोन मिनलनेच घेतला होता. ते वारले, असं सांगितल्यावर पलीकडचा म्हणाला होता, काही हरकत नाही, आम्ही बघतो. तिला तो भला माणूस वाटला होता.

"आई, शूटिंगच्या वेळी आवाजात ट्रकांची घरघर आली होती म्हणे. नंतर दुसऱ्या कुणाचा तरी आवाज लावलाय."

"मंग ह्यांचा कुठं गेला?"

मिनलने पॉपकॉर्नचा पुडा त्यांच्यापुढे केला.

घरी जेवताना मंजुळाबाई म्हणाल्या,

"उद्याचं तिकीट काढ."

"कशाला आई? उद्या शेवटचा दिवस आहे त्या सिनेमाचा."

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी थिएटर जवळजवळ रिकामं होतं. निघोज्याची वाट दिसताच मंजुळाबाईंनी पिशवीतून देवाच्या वातींचा कापूस काढला, त्याचे दोन बोळे केले आणि कानात घातले.

मारुतरावांचे ओठ हलले. मागे कुणीतरी हसलं.

कानात कापूस असल्यामुळे मंजुळाबाई जरा मोठ्यानेच बोलल्या,

"टाकते."