खांद्यावरची उशी

"यंदा उशी जाड झालीय का गं?" एव्हारिस्तोने ती डाव्या खांद्यावर ठेवून बघत विचारलं.

"नवी लोकर आहे. दाबाखाली बसेल," देल्फिना म्हणाली आणि तिने दाताने दोरा तोडला.

नवी लोकर, डोंबलाची! दरवर्षी संत इसिदोरोच्या मिरवणुकीआधी ती नवऱ्याच्या उशीत गुपचूप मूठभर लोकर ठासायची. म्हातारा वयाने खचून बुटका झाला होता. पालखीचा दांडा आता त्याच्या खांद्याला टेकतच नव्हता. पण पुढचा डावा दांडा आजोबांपासून त्याच्या घरचा. जन्मभर दुसऱ्यांच्या द्राक्षमळ्यात राबलेल्या माणसाकडे मिरवायला दुसरं होतं तरी काय? भोयांचा म्होरक्या तार्चिझिओ तिला गेल्या वर्षी आडबाजूला घेऊन म्हणाला होता, काकू, आता तुम्हीच समजवा त्यांना, त्यांच्या वाटचा भार बाकीच्यांवर येतो. तिने त्याचे हात धरले होते. कळलं तर अन्न सोडतील रे, म्हणाली होती. बिचाऱ्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

पालखी देवळातून निघाली, पडक्या बुरुजाला वळसा घालून जुन्या धान्यकोठारावरून वेशीच्या कमानीशी आली. कमान ठेंगणी. बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शत्रूचे घोडेस्वार होते, पालखीतल्या संताच्या मूर्तीची टोपी नव्हती. त्यामुळे भोयांना तिथे गुडघ्यांत वाकावं लागतं. सगळे वाकले, तसा दांडा एव्हारिस्तोच्या खांद्यावर खराखुरा टेकला. त्याचा चेहरा लालबुंद झाला. कमानीपलीकडे आपल्या दाराच्या पायरीवर उभ्या असलेल्या देल्फिनाला फार बरं वाटलं.

मग सगळे ताठ झाले. दांडा वर गेला आणि ठासून ठासून गरगरीत झालेली उशी खांद्यावरून घसरून फरशीवर पडली.

दांड्याखाली दाबलेली उशी कधी पडत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. जास्तीची मूठ देल्फिनानेच भरली होती.

एव्हारिस्तो उशी उचलायला वाकला. वर बघतो तर पालखी चार पावलं पुढे गेलेली. संत तसूभरही कलला नव्हता.

तार्चिझिओने मान वळवली. "काका, या ना. जागा तुमचीच आहे."

"चालत राहा रे," एव्हारिस्तो म्हणाला. "देवाला वाटेत थांबवू नये."

तो पायरीशी आला. आता हा ओरडेल, निदान रडेल तरी, असं तिला वाटलं. त्याने उशी नुसती बोटांनी दाबून पाहिली.

"केव्हापासून भरतेयस?"

"आठवत नाही," ती खोटं बोलली.

त्याने उशी झटकली आणि पायरीवर ठेवली. "बस हिच्यावर. दगड गार असतो, तुझे गुडघे धरतात."

ती बसली. तो मात्र टोपी हातात घेऊन शेजारी उभाच राहिला, पालखी कपडे धुण्याच्या हौदापाशी वळून दिसेनाशी होईपर्यंत. त्याचा डावा खांदा सवयीने थोडा उचललेलाच होता.