ओसरीच्या भिंतीतला पाईप

मी एक जुना बोअरचा पाईप आहे आणि त्याची मला काडीचीही लाज वाटत नाही. माझ्या अंगावर गंजाचे डाग आहेत, एका टोकाला पान्याचे वण आहेत, आणि घासूनपुसून कितीही चकचकीत केलं तरी मी नवा दिसणार नाही. नको दिसू दे. पण मित्रांनो, एक गोष्ट आधीच ठासून सांगतो. मागच्या दसऱ्याला पोखर्णीच्या आमच्या घरात एक म्हातारी पडली आणि साऱ्या गल्लीनं त्याचं खापर माझ्यावर फोडलं. दोष माझा नव्हता. लोखंडाला तोंड नसतं म्हणून तेव्हा सगळं ऐकून घेतलं. आज बोलणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तापवून, ओढून, जस्ताचं पाणी चढवून मला बाहेर काढलं. परभणीच्या दुकानातून मला किशनरावांनी निवडलं आणि शेतातल्या बोअरमध्ये सोडलं. पंधरा-सोळा वर्षं मी अंधारात उभा राहून पाणी वर दिलं. बाया घागरी भरून नेताना म्हणायच्या, किशनरावांचं पाणी लय गोड हाय. पाण्याचं कौतुक, किशनरावांचं कौतुक; पाईपाचं नाव कोण घेतं? मग बोअर आटला. मला उपसून काढलं आणि गोठ्यामागं टाकून दिलं. माझ्यावर कोंबड्या बसल्या, वालाचा वेल चढला, शेळीही बांधून झाली. किशनराव गेले त्या वर्षी तर माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. चांगला धडधाकट होतो हो मी! आतून एक तडा नव्हता.

आता बायनाबाईची ओळख करून देतो. बायनाबाई म्हणजे किशनरावांची बायको, वय बहात्तर, अंगानं काडी आणि जिभेनं कात्री. तिला साखरेचा आजार. त्यानं तळपायांची जाणीवच गेली. पाय जमिनीवर टेकला की नाही, हे तिला खाली बघून ठरवावं लागायचं. अंधूक उजेडात तोल जायचा, वळताना जायचा. एकदा हौदापाशी ती पडली. मोडलं काही नाही, पण घर घाबरलं.

तिचा मुलगा हरिओम शेती बघतो. माणूस मायाळू, पण माया कशी करावी हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही. तो म्हणाला, "माय, आता तू बाजंवरून उठायचं न्हाई. काय पायजे ते राजेश्रीला सांग." राजेश्री त्याची बायको. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. सासू बसून आणि सून तिच्या हातात सगळं देतेय, असं दिसलं की लोक सुनेला चांगली म्हणतात. सासू जरा उठून तांब्या भरताना दिसली, की लगेच बोल लागतो. त्यामुळं राजेश्रीही बसवायलाच लागली. "आत्या, तुमी बसा. आत्या, मी हाय ना." एके दिवशी हरिओमनं परभणीहून झाकणाचं प्लॅस्टिकचं भांडं आणलं आणि गुपचूप बाजेखाली सरकवलं. कशासाठी ते तुम्ही ओळखलंच असेल.

बायनाबाईनं ते काठीनं बाहेर ढकललं. ओसरीपासून अंगणापलीकडच्या संडासापर्यंत बावीस पावलं आहेत. तेवढी बावीस पावलं कुणाचा हात न धरता चालायची, एवढंच तिला हवं होतं. शेजारच्या दगडाबाईला तिच्या लेकांनी असंच मायेनं बसवलं होतं. दोन वर्षं झाली, ती पुन्हा उठली नाही. बायनाबाईनं ते डोळ्यांनी बघितलं होतं.

"दगडाबाईचं काय झालं ते दिसतंय ना?" ती हरिओमला म्हणाली. "मला तसं न्हाई व्हायचं. ते भांडं उचल."

मग हरिओमनं मोबाईलवरून व्यायामाची सायकल मागवली. तिचा काय तोरा! काचेसारखी चकचकीत, समोर आकडे दाखवणारी पट्टी. बायनाबाईनं सीटवर बसायला एक पाय उचलला आणि सायकल कलली. राजेश्रीनं वेळेवर कंबरेला मिठी घातली म्हणून बरं. तोल जाणाऱ्या माणसाला जी वस्तू स्वतःच डुलते ती कशाला द्यायची? पण विचारतो कोण. तेव्हापासून त्या सायकलवर लुगडी वाळतात.

शेवटी तिला परभणीच्या दवाखान्यात नेलं. तिथं नीलमताई भेटल्या. त्या औषध देत नाहीत, व्यायाम शिकवतात. त्यांचं माहेर पोखर्णीच. शनिवारी नृसिंहाच्या दर्शनाला आल्या तेव्हा आमच्या घरी डोकावल्या. ओसरीत हिंडल्या, भिंत ठोकून पाहिली, प्लॅस्टिकची खुर्ची ढकलून पाहिली. ती शहाबादी फरशीवर सर्रकन सरकली.

"ही खुर्ची आजींना अजिबात द्यायची नाही," त्या म्हणाल्या. "सायकल पण नको. एक लोखंडी दांडा पाहिजे, भिंतीत पक्का. आजींनी हात सैल सोडला की मनगट जिथं येतं, तेवढ्या उंचीला. आणि मागं एक जड लाकडी खुर्ची, भिंतीला टेकवून."

हरिओमला गोठ्यामागचा मी आठवलो. मुंजाजी वेल्डरला बोलावलं. फाट्यावर त्याचं दुकान, वजन नव्वद किलो, बोलणं कमी. त्यानं मला कापलं, टोकं गोल करून बुजवली, पॉलिश कागदानं रगडलं. भिंतीत आरपार चार भोकं पाडून दुसऱ्या बाजूनं पट्ट्या लावून बोल्ट आवळले. मग गडी माझ्यावर दोन्ही हातांनी लोंबकळला. मी हललो नाही. त्यानं मान डोलवली आणि चहा मागितला.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझं खरं काम सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ बायनाबाई माझ्यापुढं उभी राहायची. पायात घट्ट पट्ट्याची चप्पल, फरशी कोरडी, राजेश्री हाताच्या अंतरावर. दोन्ही हात माझ्यावर. टाचा वर, टाचा खाली. मग आडवी पावलं टाकत या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग एक पाय उचलून उभं राहायचं. मग खुर्चीत बसायचं आणि उठायचं. प्रत्येक दहा वेळा. आकडे मोजायचा तिला कंटाळा, म्हणून ती नातलग मोजायची. "ही थोरल्या जावंची. ही धाकल्या नणंदंची, तिनं माझी पैठणी नेली ती आजून न्हाई दिली." दहा नातलगांचा उद्धार झाला की व्यायाम संपायचा. राजेश्री तोंडाला पदर लावून हसायची.

गल्लीला मात्र चैन पडेना. कुणी म्हणालं, सुनेनं म्हातारीला भिंतीला टांगलंय. कुणी म्हणालं, या वयात कसरत करायला लावायलेत, शोभतंय का? राजेश्री दोन दिवस रडली. बायनाबाईनं दारात उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "मीच करायले. माझे पाय हायत." पुढं महिनाभरात ती एका हातानं मला धरू लागली. मग नुसती चार बोटं टेकवून. बावीसपैकी नऊ पावलं ती एकटी जायला लागली होती, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता!

आणि मग दसरा आला.

खंडेनवमीला आपल्याकडे घरातली हत्यारं-अवजारं धुऊन पुजतात. राजेश्रीनं विळे, कुऱ्हाड, पाना, ट्रॅक्टरची अवजारं सगळी मांडली. घासली, तेलाचा हात फिरवला, हळदीकुंकू वाहिलं. मग तिची नजर माझ्यावर गेली. सासू ज्याच्या जोरावर उभी राहिली ते अवजार कसं विसरायचं? तिनं करडीच्या तेलात फडकं बुडवून मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसलं आणि झेंडूचा हार घातला. खोटं कशाला बोलू, मला हार आवडला. सबंध आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझी पूजा केली होती. मी छाती काढून चमकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायनाबाईनं मला धरलं. तिचा हात सटकला. मी जागेवर होतो, तसूभर हललो नव्हतो. पण धरायला माझ्या अंगावर काही राहिलंच नव्हतं. ती उजव्या हातावर पडली आणि मनगट मोडलं.

सहा आठवड्यांचं प्लास्टर. भांडं पुन्हा बाजेखाली आलं, आणि या वेळी ते ढकलायला तिच्यात त्राण नव्हतं. राजेश्री तिला धरून उठवायची, बसवायची, झाकण उघडायची. बायनाबाई त्या वेळी भिंतीकडं तोंड करायची. भिंतीवर मीच होतो. तिचे भरलेले डोळे मला दिसायचे आणि मला संताप यायचा. गल्लीतले लोक येऊन माझ्याकडं बोट दाखवायचे. पनवती म्हणायचे. म्हाताऱ्या माणसाला कुणी लोखंड धरायला देतं का, म्हणायचे. हरिओम म्हणाला, "मुंजाजीला बोलावतो. कापूनच टाकतो ह्याला."

आणि बायनाबाई गप्प! पडली त्याच क्षणी तिनं तळहात हुंगला होता. तिला सगळं ठाऊक होतं. तरी ती बोलेना. मला तिचा इतका राग आला होता की सांगता सोय नाही. अगं, एक शब्द बोल की माझ्या बाजूनं!

मुंजाजी कटर घेऊन आला. कापायच्या आधी नेम धरायला त्यानं मला घट्ट पकडलं आणि त्याचीही मूठ घसरली. त्यानं बोटं बघितली. तेलावर धूळ बसून काळं वंगण झालं होतं.

"ह्याला तेल कुणी लावलं?" त्यानं विचारलं.

राजेश्रीच्या हातातला चहाचा कप तिथंच थांबला. "मी," ती म्हणाली. "खंडेनवमीला. पूजेचं." मग तिला कळलं. ती मटकन खाली बसली. "आत्या, मीच पाडलं तुमाला."

"उठ, येडे," बायनाबाई बाजेवरून म्हणाली. "मला तवाच कळलं होतं. हाताला वास होता."

"मग बोलली का न्हाईस, माय?" हरिओम म्हणाला. "महिना झाला, मी ह्या पाईपाला शिव्या द्यायलोय."

"तिनं मनापासून पुजलं होतं. त्याच्यावर मी काय बोलू? पाईपाला शिव्या दिल्यानं त्याला काय होतंय?"

काय होतंय म्हणे! पण जाऊ द्या. राजेश्रीचं रडू बघून माझा राग तिथंच उतरला. तिनं माझं वाईट केलं नव्हतं. तिला फक्त ठाऊक नव्हतं.

हरिओम तरी हट्टाला पेटलेलाच. "आता कारण कळलं, तरी नकोच. पुन्हा पडली तर? तू बस माय, आमी हाव ना सगळं करायला."

बायनाबाई उठली. कुणी धरायच्या आत डाव्या हातानं बाजेचा खूर पकडून उभी राहिली. "तू करशील रे," ती म्हणाली. "तुझी बायको पण करंल. रोज करायलीच हाय. पण ती झाकण उघडती तवा मला मरून जावं वाटतं. ते तुला कसं कळंल? मुंजाजी, ते कटर ठेव आणि त्याचं तेल काढून दे."

हरिओमनं कटरची पिशवी मुंजाजीपुढं धरली. मुंजाजीनं कटर पिशवीत घातलं. राजेश्रीनं गरम पाणी, सोडा आणि राख आणली आणि मला इतकं घासलं, इतकं घासलं की माझं जस्त निघायची वेळ आली. मुंजाजीनं पॉलिश कागद फिरवून मला खरबरीत केलं. नीलमताई शनिवारी आल्या तेव्हा त्यांनी स्वतः ओल्या हातानं मला धरून पाहिलं, मगच परवानगी दिली.

पुढचं काम सोपं नव्हतं. प्लास्टर निघेपर्यंत एकच हात. बाजेवर पडून पाय सुकले होते. दोन पावलांपासून पुन्हा सुरुवात झाली. नातलगांची यादी संपली, मग ती सोयऱ्यांवर आली. कधी चिडून म्हणायची, आज न्हाई करत. अर्ध्या तासानं आपणहून यायची. मार्गशीर्षात नऊ पावलं झाली, पौषात पंधरा.

आणि संक्रांतीनंतरच्या एका सकाळी ती माझ्यापुढं उभी राहिली, दहा वेळा टाचा उचलल्या, आणि मला सोडून वळली. राजेश्री मागं निघाली. बायनाबाईनं हातानंच तिला थांबवलं. पायाकडं बघत, अंगणातून, एकेक पाऊल. मी इथून मोजत होतो. एकविसाव्याला ती डुलली, थांबली, श्वास घेतला. मग ती आत गेली आणि दार लोटलं. नीलमताईंनी कडी लावायची नाही असं बजावलं होतं. बायनाबाईनं कडी लावली. लोखंडाचा लोखंडावर झालेला तो आवाज साऱ्या अंगणात ऐकू आला.

राजेश्री धावत दारापाशी गेली. "आत्या, कडी काढा. पडलात तर?"

"जा की तिकडं," आतून आवाज आला. "तू दारात उभी असली की मला लाज वाटती."

राजेश्री चार पावलं मागं सरली आणि तिथंच उभी राहिली, पदरानं डोळे पुसत.

कडी लावली हे चुकलंच. नीलमताई नंतर खूप रागावल्या. पण मित्रांनो, मला काय म्हणायचंय ते आता तुम्हाला कळलं असेल. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी माझ्यासारखा पाईप लावाल, तर भिंतीत पक्का लावा. कोरडा ठेवा. माझ्यावर ओले टॉवेल नकोत, तेल नको आणि हार तर मुळीच नको. आणि ते माणूस उठायला लागलं की लगेच बसा म्हणू नका. हाताच्या अंतरावर उभे राहा आणि गप्प राहा. मला लोक अजून पनवती म्हणतात. म्हणू द्या. बायनाबाई आत्ताच माझा हात सोडून अंगणात उतरली आहे.