सकाळी कॉमर्स, संध्याकाळी कायदा

शामकांत गेला तेव्हा त्याचं एम.कॉम. आणि वकिलीचं पहिलं वर्ष एकदमच चालू होतं. सकाळी कॉमर्स, संध्याकाळी कायदा. विषमज्वराचं निमित्त झालं आणि एकाहत्तरच्या दिवाळीआधी सगळं आटोपलं. पुढच्या जूनमध्ये त्याच्या वडिलांनी, नारायणरावांनी, मुलीपुढे, इंदूपुढे, तेच दोन फॉर्म ठेवले. ते नगरच्या कोर्टात कारकून. लोकांचे अर्ज नीट लावण्यात जन्म गेलेला.

"तुझं बी.कॉम. झालंच आहे. त्याची पुस्तकं आहेत," एवढंच ते म्हणाले.

इंदूनं सह्या केल्या. भाऊ गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. ताट वाढलं की जेवायची, हाक आली की उठायची.

भिंगारहून सायकलवर ती कॉलेजला जायची, दुपारी टँकरच्या रांगेत हंडा लावायची आणि संध्याकाळी पुन्हा वर्गात. वकिलीच्या वर्गात मुलगी ती एकटीच. शेजारच्या बाकावर काष्टीचा गोरक्ष बसायचा. नापास होऊन तो पुन्हा पहिल्याच वर्षाला होता, म्हणून शामकांतच्या ओळखीचा.

एकदा सर आले नाहीत, तेव्हा तो हळूच म्हणाला, "ताई, येक सांगू का? शामराव लई हुशार. पन त्याला वकिली नको हुती. सोडनार हुता."

"कधी म्हणाला?"

"गनपतीत. वडलांना कसं सांगू, म्हनायचा."

इंदूनं वही मिटली. आता राग येईल, निदान रडू येईल, म्हणून थोडा वेळ थांबली. काहीच आलं नाही. मग वही उघडून तिनं जामीनदाराच्या जबाबदारीचं कलम उतरवून घेतलं.

निकाल लागला. दोन्हीकडे पास. नारायणराव पेढे घेऊन कोर्टात गेले आणि निम्मा पुडा तसाच परत घेऊन आले. बूट न काढता ओट्यावरच बसले.

"आप्पासाहेब वकिलांना म्हणालो, आमचा शामकांत पास झाला. त्यांनी उचललेला पेढा परत पुड्यात ठेवला. मग माझ्या ध्यानात आलं."

इंदू दारात उभी होती. "बाबा, दादाला वकिली नको होती."

"ठाऊक आहे." त्यांनी पुड्याची दोरी पुन्हा बांधायला घेतली. "आजारी पडायच्या आठ दिवस आधी सांगितलं त्यानं. मी म्हटलं, वर्ष तरी पुरं कर."

आत आईच्या हातातली भांडी थांबली. दोरीला गाठ बसेना.

"तुला सोडायचंय का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

असं कुणी तिला आजवर विचारलंच नव्हतं. उत्तर द्यायला आत काहीतरी असायला हवं, असं तिला वाटलं. तिथं नुसतं सपाट होतं.

"सांगते," ती म्हणाली.

आठ दिवसांनी तिनं एम.कॉम.मधून नाव काढलं. वकिली ठेवली. का, ते तिला नीट सांगता आलं नाही. "संध्याकाळी घरात बसवत नाही," असं म्हणाली. नारायणरावांनी मान हलवली.

गोरक्ष पुन्हा नापास झाला आणि गावाकडे दुष्काळी कामावर मुकादम म्हणून लागला. दुसऱ्या वर्षाला शेजारच्या बाकावर नेवाशाचे एक पोक्त मास्तर आले. त्यांनी नाव विचारलं. तिनं सांगितलं आणि पेनाचं टोपण काढलं.